भिंतीवर जोसेफ आल्बर्स : 'होमेज टू द स्क्वेअर'चं फ्रेम केलेलं प्रिंट

सांजवात

घरात लावायला चित्र घ्यायची वेळ आली की बहुतेकांच्या मनात एक गोष्ट पक्की असते. मूळ चित्र परवडत नाही म्हणून प्रिंट घ्यायचं. म्हणजे प्रिंट ही तडजोड. बऱ्याच चित्रकारांबाबत हे खरंही आहे. पण जोसेफ आल्बर्सच्या 'होमेज टू द स्क्वेअर' या मालिकेबाबत मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सविस्तर लिहायचं म्हणून हा धागा.

आमच्या बैठकीच्या खोलीत या मालिकेतल्या एका पिवळ्या चित्राचं प्रिंट आहे. तीन चौकोन, एकात एक. बाहेरचा गेरूकडे झुकणारा पिवळा, मधला हळदीचा, आणि आतला लिंबासारखा लख्ख. बस्स, एवढंच चित्र. सकाळी पूर्वेच्या उजेडात आतला चौकोन पुढे आल्यासारखा वाटतो. संध्याकाळी दिवा लावला की बाहेरच्या दोन पिवळ्यांमधली सीमारेषा विरघळायला लागते आणि तोच आतला चौकोन भिंतीच्याही मागे कुठेतरी गेलेला दिसतो. कागदावरची शाई तीच असते, बदलतो तो उजेड आणि आपले डोळे. आल्बर्सला नेमकं हेच दाखवायचं होतं.

थोडी पार्श्वभूमी देते. आल्बर्सचा जन्म १८८८ चा, जर्मनीतल्या बोट्रॉप या कोळशाच्या खाणींच्या गावातला. वडील रंगारी होते. तो स्वतः आधी शाळामास्तर होता. १९२० मध्ये, म्हणजे बत्तिशीत, तो वायमारच्या बाउहाउस या कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाला आणि पुढे तिथेच शिकवू लागला. १९३३ मध्ये नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडलं, तेव्हा तो आणि त्याची पत्नी आनी अमेरिकेत गेले, नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात. त्या वेळी त्याला इंग्रजी जेमतेम येत होतं. १९५० मध्ये तो येल विद्यापीठात गेला आणि त्याच वर्षी त्याने ही चौकोनांची मालिका सुरू केली. तेव्हा तो ६२ वर्षांचा होता! १९७६ मध्ये गेला तोपर्यंत तो हेच करत राहिला. या मालिकेत दोन हजारांहून जास्त चित्रं आहेत.

एक माणूस पंचवीस वर्षं एकच रचना रंगवतो, यातली चिकाटी मला फार मोठी वाटते. रचना जवळजवळ गोठवून टाकली की बघणाऱ्याचं लक्ष रंगाशिवाय दुसरीकडे जायला जागाच राहत नाही.

चौकोन केंद्रात नसतात, खाली सरकलेले असतात, हे आवर्जून पाहा. आतल्या चौकोनाच्या खाली जेवढी पट्टी उरते, तिच्या दुप्पट दोन्ही बाजूंना आणि तिप्पट वर. हे प्रमाण डोक्यात ठेवून प्रिंटकडे पाहिलं की कळतं, चित्र स्थिर असूनही त्याला वजन का आहे. चौकोन नेमके मधोमध असते तर ते नेमबाजीचं लक्ष्य झालं असतं.

तुमच्याकडे अमूर्त चित्रांची प्रिंट्स असतील तर लिहा. आणि फ्रेमबद्दल जाणकारांनी आवर्जून लिहा, कारण या चित्राला फ्रेम करणं म्हणजे त्यात आणखी एक चौकोन घालणं आहे.

पाऊलवाट

धागा आवडला, पण माझा मतभेद मांडतो.

मुंबईला राष्ट्रीय आधुनिक कलादालनात चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या चित्रासमोर उभा राहिलो तेव्हा मला खरोखर काहीतरी झालं होतं. काय ते शब्दांत सांगता येत नाही, पण पाय हलत नव्हते. आल्बर्सची चित्रं मी पुस्तकांतच पाहिली आहेत. तिथे मला हुशारी दिसते, शिस्त दिसते, पण आत काही हलत नाही. रंगशास्त्राचा उत्तम तक्ता आणि चित्र यांत फरक असतो ना? शिवाय दोघेही साधारण एकाच काळातले, दोघेही अमूर्त. गायतोंड्यांचं प्रिंट घेऊन पाहिलं होतं, ते मात्र पार फसलं. मूळ चित्रातलं काहीच त्यात उतरलं नव्हतं. म्हणून एकूणच प्रिंट या प्रकारावर माझा विश्वास नाही.

सांजवात

@पाऊलवाट, गायतोंड्यांबद्दल तुम्ही म्हणता ते शंभर टक्के मान्य. आणि त्यांचं प्रिंट का फसतं याचं कारण त्यांच्या कामाच्या पद्धतीतच आहे. साठच्या दशकापासून ते रोलर आणि पॅलेट नाइफने (रंग पसरायच्या बोथट सुरीने) काम करत. रंगाचा थर द्यायचा, काही भाग काढून टाकायचा, त्यावर पुन्हा पातळ थर. उजेड त्या थरांमधून आत जाऊन परत येतो. कागदावरच्या शाईत ही खोली येणार कुठून? तिथे प्रिंट हे फक्त आठवण म्हणून ठेवायचं.

आल्बर्सचं उलट आहे. तो रंग मिसळत नसे. ट्यूबमधून निघालेला रंग तसाच पॅलेट नाइफने पांढऱ्या अस्तरावर पसरायचा, एकच थर. एका रंगावर दुसरा चढवायचा नाही, शेजारी ठेवायचा. आणि चित्राच्या पाठीमागे कोणत्या कंपनीचा कोणता रंग वापरला याची यादी बारीक अक्षरात लिहून ठेवायची. जे काही घडतं ते दोन सपाट रंगांच्या शेजारात घडतं. म्हणून सपाट शाईत ते उतरू शकतं.

शिवाय प्रिंट हे त्याच्यासाठी दुय्यम माध्यम नव्हतंच. १९६३ मध्ये येलने छापलेल्या त्याच्या 'इंटरॅक्शन ऑफ कलर' या पुस्तकातले रंगांचे नमुने सिल्कस्क्रीनने, म्हणजे जाळीतून शाई उतरवून, छापले होते. ते काम आयव्हज आणि सिल्मन या त्याच्याच वर्तुळातल्या दोघांनी केलं. त्याआधी १९६२ मध्ये त्यांनी 'होमेज'चा दहा चित्रांचा संचही काढला होता. १९६४ मध्ये टॅमरिंड या कार्यशाळेत त्याने लिथोग्राफ, म्हणजे शिळाछाप प्रिंट्स, केले. थोडक्यात, तो स्वतः प्रिंटचाच विचार करणारा चित्रकार होता.

आत काही हलतं की नाही, यावर मी वाद घालणार नाही. माझं हलतं.

बोरूबहाद्दर

मी चित्रकला शिक्षक आहे, रत्नागिरी जिल्ह्यात. आल्बर्सचं पुस्तक आम्हाला कॉलेजात एका सरांनी दाखवलं होतं आणि आज मी मुलांना रंग शिकवतो ते बऱ्याच अंशी त्यातूनच.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणारी मुलं रंगचक्र पाठ करून येतात. तांबड्याचा विरोधी हिरवा, पिवळ्याचा विरोधी जांभळा. पण एकच रंग दोन ठिकाणी दोन दिसू शकतो, हे त्यांना कोणी दाखवलेलं नसतं. आल्बर्स वर्गात रंगाऐवजी रंगीत कागद वापरायला लावायचा, कारण कागदाचा रंग पुन्हा पुन्हा अगदी तोच मिळतो, कालवण्यात वेळ जात नाही. मी तेच करतो. मातकट पिवळ्या कागदाचे एकाच तुकड्यातून दोन छोटे चौकोन कापायचे. एक लख्ख पिवळ्या कागदावर ठेवायचा, दुसरा गडद जांभळ्यावर. मुलं ठामपणे सांगतात, सर, हे दोन वेगळे कागद आहेत. मग दोन्ही तुकडे उचलून शेजारी ठेवायचे. वर्गात जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो.

एक सूचना. घोटीव कागद चकाकतो, त्यामुळे परिणाम मारला जातो. चकाकी नसलेला कागद घ्या.

त्याचे विद्यार्थी गळलेल्या पानांचेही रंगाभ्यास करत. आमच्याकडे त्यासाठी बदामाच्या झाडाइतकं चांगलं झाड नाही. लाल, शेंदरी, पिवळं, तपकिरी, सगळं एकाच झाडाखाली मिळतं.

@पाऊलवाट, प्रिंट हाताशी असेल तर एक करून पाहा. पांढऱ्या कागदाच्या चार पट्ट्या घेऊन बाहेरचा चौकोन झाका. आतले दोन रंग नीट पाहून घ्या. मग पट्ट्या काढा. आतला रंग डोळ्यांदेखत बदलतो. तक्ता आणि चित्र यांतला फरक मला तिथे दिसला. तक्ता रंगाचं नाव सांगतो. या चित्रात रंगाला नाव देणंच अवघड होऊन बसतं.

ऱ्हाईनकाठ

आम्ही ड्युसेलडॉर्फला राहतो, बोट्रॉप इथून जवळ आहे, म्हणून हा प्रतिसाद.

बोट्रॉपच्या बागेत 'क्वाड्राट' नावाचं संग्रहालय आहे, त्यात आल्बर्सच्या कामाचा मोठा संग्रह आहे. २०२२ मध्ये त्याला नवी इमारत जोडली. गाव पाहिलं तर तुम्हाला वाटणारच नाही की इथून असला माणूस निघाला असेल. खाणकामगारांचं गाव. जर्मनीतली शेवटची दगडी कोळशाची खाण इथलीच, ती २०१८ च्या डिसेंबरात बंद झाली.

आता मुद्द्याचं. मूळ चित्रं पाहिल्यावर दोन गोष्टी लक्षात आल्या ज्या प्रिंटमध्ये येत नाहीत, आणि त्या इथे नोंदवायला हव्यात. पहिली, ती कॅनव्हासवर नाहीत, मेसोनाइटवर आहेत, म्हणजे आपण ज्याला हार्डबोर्ड म्हणतो त्यावर, आणि त्याच्याही खरखरीत बाजूवर. त्यामुळे जवळून पृष्ठभाग जिवंत दिसतो. नाइफचे पुसट ओरखडे आहेत, कुठे अस्तराचा पांढरा ठिपका डोकावतो. दुसरी, चौकोनांच्या कडा फूटपट्टीने मारल्यासारख्या नाहीत. लांबून त्या सुरीसारख्या वाटतात, जवळ गेलं की हाताचा थोडा कंप दिसतो. प्रिंटमध्ये कडा एकदम करकरीत होतात, त्यामुळे चित्र जरा कोरडं वाटू शकतं. पाऊलवाट यांना पुस्तकात जो कोरडेपणा जाणवला त्यात याचा वाटा असेल.

आणखी एक. आल्बर्स मधल्या चौकोनापासून सुरुवात करून बाहेर जायचा. ही रीत वडिलांकडून आलेली. दार रंगवताना मधून सुरू करून कडेला संपवायचं, म्हणजे ओघळ धरता येतात आणि हाताला रंग लागत नाही. हे वाचल्यापासून मला त्या चित्रांत रंगारी बापाचा हात दिसतो.

तिथल्या बहुतेक चित्रांना अगदी बारीक धातूची पट्टी आहे, जाड लाकूड नाही.

चौकटवाला

फ्रेमबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. पुण्यात फ्रेमिंगचं काम करतो.

पहिलं, प्रिंट कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा. भिंग घ्या. साध्या ऑफसेट पोस्टरवर चार रंगांच्या ठिपक्यांची फुलं दिसतील. पिगमेंट शाईच्या इंकजेट प्रिंटवर बारीक तुषार दिसतात, ठरावीक नक्षी नसते. स्क्रीनप्रिंटवर ठिपकेच नसतात, सपाट शाईचा सलग थर असतो, कारण तिथे प्रत्येक रंग वेगळा कालवून वेगळ्या जाळीतून छापलेला असतो. आल्बर्ससाठी हा फरक फार मोठा आहे. ऑफसेटमध्ये चार शाया मिळून पिवळा-नारिंगी करतात, आणि काही झगझगीत नारिंगी, काही हिरवे त्या चौघांतून निघतच नाहीत. शेजारशेजारचे दोन पिवळे जर थोडेसेच वेगळे असतील तर साध्या पोस्टरमध्ये ते एक होऊन जातात. मग चित्र संपलंच. नवीन स्क्रीनप्रिंट मिळत नसेल तर चांगल्या सुती कागदावरचं पिगमेंट प्रिंट घ्या.

माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट. आमच्याकडे लोक सवयीने क्रीम माउंट मागतात. गणपतीच्या चित्राला तो छान दिसतो. आल्बर्सला घालू नका. क्रीम हा पिवळाच आहे, आणि तो बाहेरच्या चौकोनाला भिडला की त्याला मळकट करतो. मूळ स्क्रीनप्रिंट्सना भोवती कागदाचा पांढरा समास असतो. तो झाकू नका, तसाच दिसू द्या. माउंट लावायचाच तर त्याच पांढऱ्याचा, आम्लमुक्त. काळा माउंट तर नकोच, काळ्याशेजारी सगळे रंग उगाच ओरडायला लागतात.

काच. साधी काच कडेने पाहा, हिरवी दिसते. लोहामुळे. पिवळ्या प्रिंटवर ती हिरवट झाक दाखवते. परवडत असेल तर कमी लोहाची, प्रतिबिंब न पाडणारी काच घ्या. अतिनील किरण अडवणारं अ‍ॅक्रिलिक चांगलं, पण काही प्रकारांत किंचित पिवळी झाक असते, तुकडा पांढऱ्या कागदावर ठेवून तपासा.

पावसाळा. कागद काचेला टेकला की त्यात ओल धरते, मग बुरशी. आत स्पेसर, म्हणजे कागद आणि काच यांत अंतर ठेवणारी पट्टी, हवाच. पाठीमागे नुसता हार्डबोर्ड ठोकू नका, त्यातलं आम्ल कागदात उतरतं आणि काही वर्षांत तांबूस डाग येतात. मध्ये आम्लमुक्त बोर्ड घाला. (आल्बर्स हार्डबोर्डवर रंगवायचा तेव्हा त्यावर पांढऱ्या अस्तराचे बरेच हात द्यायचा, ती गोष्ट वेगळी.) प्रिंट बोर्डाला फेव्हिकॉलने चिकटवणाऱ्याकडे देऊ नका. वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन पट्ट्यांवर टांगलेलं असलं की कागद हवेप्रमाणे फुगू-आकसू शकतो. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत वारा खेळतो. पावसाचा मार बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर लावू नका, कितीही मोकळी असली तरी.

इरकली

चौकटवाला, प्रतिसाद जपून ठेवला आहे.

माझा चित्रकलेशी संबंध नाही, साड्यांशी आहे. काठ बदलला की साडीचं अंग बदलतं, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. तोच हिरवा लाल काठाशेजारी पेटतो आणि करड्या काठाशेजारी विझतो. गिऱ्हाईक दुकानातल्या ट्यूबलाइटखाली पसंत करतं आणि घरी जाऊन म्हणतं रंग हा नव्हता. म्हणून हा धागा वाचताना मला अजिबात परकं वाटलं नाही. आल्बर्सची पत्नी विणकर होती ना? तिच्याबद्दल लिहा कुणीतरी.

सांजवात

@इरकली, हो, आनी आल्बर्स. विसाव्या शतकातल्या सगळ्यात महत्त्वाच्या विणकर-कलावंतांपैकी एक. बाउहाउसमध्ये ती मागाच्या कार्यशाळेत होती, तिथेच दोघांची ओळख झाली, १९२५ मध्ये लग्न. १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तिचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. विणकामाला असा मान तिथे आधी मिळालेला नव्हता. दोघं वर्षानुवर्षं मेक्सिकोला जात, तिथली जुनी मंदिरं, मातीच्या घरांचे रंग, कापड पाहत. त्या घरांच्या भिंतींवरून आल्बर्सने आधी एक मालिका केली, चौकोन त्यानंतर आले. नंतर आनीही प्रिंटकडे वळली आणि माग तिने सोडूनच दिला. तिच्या प्रिंट्सवर वेगळा धागा निघायला हवा.

तुमच्या व्यवसायाचा तर रंगशास्त्राशी थेट संबंध आहे. पॅरिसच्या गोबलाँ या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगखात्याचा प्रमुख होता. काळा रंग फिका पडतो अशी तक्रार आली. त्याने तपासलं तर रंगात दोष नव्हता, शेजारचे धागे काळ्याला फिका दाखवत होते. त्यावर त्याने १८३९ मध्ये ग्रंथ लिहिला. आल्बर्स जे करतो त्याची मुळं अशी मागापर्यंत जातात.

आणि ट्यूबलाइटचं तुम्ही म्हणता तेही आल्बर्सला माहीत होतं. स्टुडिओत तो फ्लुरोसंट नळ्यांखाली काम करायचा, त्यात उबदार आणि थंड दोन्ही प्रकारच्या नळ्या असत, म्हणजे एकच रंग दोन्ही उजेडांत कसा वागतो ते पाहता येई.

पाऊलवाट

बोरूबहाद्दर यांनी सांगितलेला पट्ट्यांचा प्रयोग मी पुस्तकातल्या चित्रावर करून पाहिला. रंग बदलतो, हे खरं आहे, आणि मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच बदलतो. त्यासाठी आभार.

तरी गायतोंड्यांची जागा माझ्यासाठी तिथेच आहे. पण भिंतीवर रोज पाहायला प्रिंट घ्यायचं, तर त्या माध्यमाला सोसेल असं चित्र निवडावं, हा सांजवात यांचा मुद्दा मला पटला. एक व्यवहारी प्रश्न. माझ्या खोलीची भिंत फिकट पिस्ता रंगाची आहे, दिवे पिवळे. मूळ चित्रं किती मोठी असतात? लहान प्रिंट घेतलं तर चालतं का?

ऱ्हाईनकाठ

मूळ चित्रं साधारण १६ इंचांपासून ४८ इंचांपर्यंतच्या चौकोनात आहेत, रचना तीच. त्यामुळे या मालिकेत लहान आकार ही कापाकापी होत नाही. १९८० मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने शिक्षणावर एक १५ सेंटचं तिकीट काढलं, त्यावर 'होमेज'मधलं एक चित्र आहे. तेवढ्याशा तिकिटातही ते धगधगतं. माझ्याकडे आहे ते तिकीट.

चौकटवाला

@पाऊलवाट, १८ ते २४ इंचांचं घ्या. पिस्ता भिंतीवर लाल किंवा नारिंगी छटांचं प्रिंट लावाल तर भिंत जास्तच हिरवी दिसेल आणि चित्रही भडकेल. राखाडी किंवा निळ्या छटांचं शांत बसेल. पांढरा समास तिथे भरपूर ठेवा, निदान तीन इंच, म्हणजे भिंतीचा रंग चित्रापर्यंत पोचत नाही. दिवा ४००० केल्व्हिनच्या आसपासचा घ्या आणि खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचं माप) ९० किंवा जास्त लिहिलंय का पाहा. घेण्याआधी प्रिंट भिंतीला टेकवून एकदा दिवसा आणि एकदा रात्री दिवा लावून पाहा. दुकानदाराने तेवढी मुभा दिली नाही तर दुसरीकडे जा.

सांजवात

+१, आणि राखाडी छटांचं घेणार असाल तर एक विनंती आहे. या मालिकेतल्या राखाडी चित्रांत सगळ्यात कमी घडतंय असं वाटतं, त्यामुळे लोक ती टाळून पिवळी-लाल घेतात. पण तीन राखाडी शेजारी ठेवले की एक निळा वाटायला लागतो, एक तपकिरी. असं प्रिंट मिळालं तर इथे फोटो टाका, शक्यतो फ्लॅशशिवाय, आणि समास कापू नका.